अक्काची किडनी, माझा घास

दुष्काळाच्या पहिल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत ज्याच्या त्याच्या घशाला काही ना काही झालेलं होतं. टँकरच्या पाण्यानं घसा धरतो, असं निदान सगळ्यांनी मिळून करून टाकलं होतं. समोरच्या काकूंचा घसा धरलेला, दूधवाल्याचा धरलेला, आमच्या ह्यांचा तर बाराही महिने. त्या गर्दीत माझा घास अडकतोय हे कुणाच्या लक्षात यावं? माझ्याही आलं नाही.

मी शांता. लातुरात क्लाससाठी आलेल्या मुलांची मेस चालवते. मूळची उदगीरकडची. लातूर वेगळा जिल्हा झाला त्याच सुमारास लग्न होऊन इथं आले. "जिल्हा बी नवा अन् नवरा बी नवा, दोन्ही संबाळून घे," असं माझी थोरली बहीण मंगलअक्का तेव्हा म्हणाली होती. जिल्हा सांभाळायची वेळ माझ्यावर आली नाही. नवऱ्याचं मात्र अजून चालू आहे.

दहा-अकरा वर्षांपूर्वी माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि अक्कानं तिची एक मला दिली. हैदराबादला ऑपरेशन झालं. तेव्हापासून मी सकाळ-संध्याकाळ ज्या गोळ्या घेते, त्या अंगातली प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवतात. शरीराला परका अवयव ओळखू येऊ नये म्हणून. पहारेकऱ्याला गुंगी देऊन बसवायचं, असं मी ते समजून घेतलं होतं. डॉक्टर हसले आणि म्हणाले, तसंच समजा. पण पहारेकरी पेंगला की चोर काही एकाच दारानं येत नाही. हे तेव्हा कुणी सांगितलं असेल तरी माझ्या कानात शिरलं नव्हतं.

अशा गोळ्या खाणारी माणसं पुष्कळ आहेत. कुणाला किडनी बसवलेली, कुणाला दुसरा काही आजार. त्यांच्यापैकी कुणाचा घास अडकत असेल तर त्यानं पाण्याला दोष देत बसू नये, एवढ्यासाठी हे लिहितेय. बाकीचं लिहितेय ते मला सांगितल्याशिवाय राहवत नाही म्हणून.

*

किडनी बसवलेल्या माणसानं भरपूर पाणी प्यायचं असतं, तेही उकळून. दुष्काळात हे म्हणजे सोन्याचे दात बसवून घेण्यासारखंच झालं. पण आमच्या घरानं ते निभावलं. ह्यांनी अंघोळ ओल्या फडक्यावर आणली. सुनेनं धुण्याचं पाणी फरशीला आणि फरशीचं पाणी संडासाला असा क्रम लावला. माझी कळशी मात्र रोज भरलेली, उकळून गाळून झाकून ठेवलेली असायची. पाहुणा आला तरी त्या कळशीतलं पाणी त्याला मिळायचं नाही.

संध्याकाळी कळशी रिकामी दिसली की आमचे हे म्हणायचे, "शाब्बास." मी पाणी पिते याचं घराला केवढं समाधान! शेजारच्या बायकांनाही ते कौतुकानं सांगायचे, की हिला पाणी प्यायला सांगावं लागत नाही.

आणि मी ते पाणी पीत होते भाकरी ढकलायला. एक घास, दोन घोट. आधी भाकरीचा पापुद्रा अडकायचा, मग मी भाकरी वरणात कुस्करायला लागले. मग भाकरी सोडली आणि भात मऊ शिजवला. मग भातही नको वाटायला लागला. साडी नेसताना निऱ्या वाढत चालल्या होत्या, पण त्या वर्षी कोण वाळलं नव्हतं? दुष्काळानं माझ्या आजारावर चांगलं जाड पांघरूण घातलं होतं.

मग एका दुपारी मुलांसाठी बटाट्याचा रस्सा केला. मीठ बघायला म्हणून बोटाएवढी फोड तोंडात टाकली आणि ती छातीच्या मध्यावर जाऊन बसली. खालीही जाईना, वरही येईना. मी पाणी प्यायले. थोड्या वेळानं ते पाणीच परत तोंडात आलं. शेगडी सोडून मी ते मोरीत थुंकले. टँकरचं पाणी घसा धरत असेल, पण आत गेलेलं पाणी परत पाठवत नाही, एवढं कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही. मी घाबरले.

*

किडनीच्या डॉक्टरांनी आधी तोंडात टॉर्च मारला. जिभेवर पांढरे चट्टे होते. अशा गोळ्यांवरच्या माणसाला बुरशी लवकर धरते म्हणाले आणि औषध दिलं. चट्टे गेले, घासही थोडा सरकायला लागला. आम्ही खूश. आठवडाभरानं पुन्हा तेच. मग त्यांनी दुर्बिणीची तपासणी करायला पाठवलं.

ती तपासणी करताना मला पूर्ण झोपवलं नव्हतं. घसा बधिर केला होता आणि कुशीवर झोपवलं होतं. समोरचा पडदा मला दिसत होता. माझ्या आतली वाट मी पहिल्यांदा पाहिली. ओली, गुलाबी, आणि सारखी हलणारी. कुणी सांगितलं नसताना ती आपण होऊन आवळत होती, सैल होत होती. इतकी वर्षं मी लोकांना जेवू घालते, पण घास पुढं कसा जातो याचा विचार कधी केला नव्हता. मला वाटायचं, गिळला की पडतो खाली. खरं तर आतली ती नळी हातोहात त्याला पोचवत असते. मी भारावून बघत राहिले. आणि मग त्या वाटेवर एका बाजूनं उगवलेला तो खडबडीत पांढरट गोळा आला. यंत्र तिथंच थांबलं.

तुकडा तपासायला गेला. उत्तर आलं ते अन्ननलिकेच्या कॅन्सरचं.

ह्यांनी डॉक्टरांना विचारलं, की हे टँकरच्या पाण्यानं तर झालं नाही ना. डॉक्टरांनी शांतपणे नाही म्हटलं. मग त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. वाकड्या वाटेला लागलेल्या पेशी प्रत्येकाच्या अंगात उगवत असतात, पहारा जागा असला की बऱ्याचशा तिथंच पकडल्या जातात. माझा पहारा वर्षानुवर्षं मुद्दाम सुस्त ठेवलेला. आता नांदेडला शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचा, औषधं द्यायची, पण त्याबरोबर पहारेकऱ्याला जागंही करायला हवं. म्हणजे त्या रोजच्या गोळ्या कमी करायच्या. आणि पहारेकरी जागा झाला की तो किडनीलाही परकी म्हणून ओळखेल.

"दोन्ही वाचवायचा प्रयत्न करू," डॉक्टर म्हणाले. "पण किडनी राहीलच असं मी सांगू शकत नाही."

*

लोकांना वाटतं, कॅन्सर म्हटल्यावर माणसाला मरणाची भीती वाटते. वाटते ना, का नाही? पण माझ्या पोटात उजव्या बाजूला, ओटीपोटापाशी, जिथं हात ठेवला की थोडा उंचवटा लागतो, तिथं जे होतं ते माझं नव्हतं. माझ्या आईच्या पश्चात ज्या बहिणीनं मला मांडीवर घेऊन भरवलं, तिच्या अंगातलं काढून मला दिलेलं होतं ते.

अक्काला दोन मुलगे, मुलगी नाही. ऑपरेशननंतर ती गावात सगळ्यांना सांगायची, माझी लेक शांतेकडं नांदायला दिलीय. पंचमीला लेकी माहेरी येतात, तशी दर पंचमीला मी त्या लेकीला घेऊन उदगीरकडं जायचीच. निघायला उशीर झाला तर अक्काचा फोन यायचा, माझ्या लेकीला कामून आडवून राहिलीस म्हणून. आणि आता तीच लेक माझ्या हातून जाणार होती.

मी ह्यांना सांगितलं, अक्काला विचारल्याशिवाय मी उपचार सुरू करणार नाही. त्यावरून घरात जे झालं ते आमच्या संसारात आधी कधी झालं नव्हतं. ह्यांचं म्हणणं, अक्काला काही कळवायचं नाही, थकलेलं माणूस आहे, हाय खाईल. सून म्हणाली, लपवलं आणि नंतर कळलं तर जास्त वाईट. मी एकच धरून बसले, की जिची वस्तू तिला विचारायचं.

"कुणाच्या परवानगीनं जगणार आहेस तू?" हे म्हणाले. एवढं बोलून ते बाहेर गेले आणि दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. ते रागावले होते ते भीतीनं, हे मला कळत होतं. पण कळून काय उपयोग, मीही भीतीनंच हट्टाला पेटले होते.

पंचमी तोंडावर आली होती. मी उदगीरची एसटी धरली.

*

श्रावण चालू होता आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रानं उघडी पडलेली. अक्काच्या दारातला हौद कोरडा. पण अक्कानं पंचमीचं केलं होतं. त्या दिवशी आमच्याकडं काही चिरायचं नाही, तळायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. म्हणून पुरणाचे दिंड उकडतात. वाटीभर पाण्याच्या वाफेवर तिनं ते उकडले होते. त्या सणाचं सगळं खाणं मऊ. मला वाटलं, बरं झालं, एवढं तर जाईल.

तिनं तूप घातलं, ताट पुढं सरकवलं. मी एक तुकडा तोंडात घातला, बराच वेळ चावला आणि मग सवयीनं तांब्याकडं हात नेला. एक घोट घेतला. थांबले. दुसरा घोट घेतला. अक्का समोर बसली होती. ती जेवायची थांबली.

"पाण्यानं ढकलून राहिली व्हय तू?" ती म्हणाली.

माझ्या घरात एवढी माणसं, रोज माझ्याबरोबर जेवणारी. कुणाला जे महिनोन् महिने दिसलं नाही ते तिला एका घासात दिसलं. मला रडू कोसळलं. ताटावर बसून रडू नये म्हणतात, पण मी रडले, आणि रडत रडत सगळं सांगितलं. घास, दुर्बीण, गोळ्या, किडनी. किडनी सांगताना मी तिच्याकडं बघितलं नाही.

बाहेर शेजारची म्हैस ओरडत होती. मग तिनं विचारलं, "किडनी जाईल म्हून तू मला इचाराया आलीस?"

मी मान हलवली.

"म्या तुला दिली, शांते. तू राहावीस म्हून दिली. आता ती राहावी म्हून तू जाणार? असं उरफाटं कुणी शिकिवलं तुला?" तिचा आवाज चढला नव्हता. तिनं माझ्या ताटातला उरलेला दिंड घेतला, वाटीत दूध घालून बोटांनी कुस्कर कुस्कर कुस्करला, पार पेजेसारखा केला, आणि चमच्यानं माझ्या तोंडाशी आणला. "आ कर," म्हणाली. बावन्न वर्षांच्या बाईनं आ केला.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर निघालीच. नांदेडला शेक घ्यायचा, तर तिथं तुझ्यापाशी कोण राहणार, एवढंच तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता पिशवी भरायला घेतली.

*

नांदेडात हॉस्पिटलजवळ आम्ही दोघी बहिणी एका खोलीत राहिलो. हे शनिवार-रविवारी यायचे, मेस सून बघायची. अक्का आल्यावर ह्यांचा राग कुठल्या कुठं गेला. ते तिच्या पाया पडले, आणि ती म्हणाली, "जावईबापू, तुमीबी वाळलाव."

छातीवर आणि पाठीवर शाईनं खुणा केल्या आणि तिथल्या बाईंनी बजावलं की त्या पुसता कामा नयेत, अंघोळ जपून करा. मी म्हटलं, बाई, आम्ही लातूरचे, आम्हाला अंघोळीचं काय सांगता. त्या हसल्या. शेकाच्या रांगेत बसलेल्या बायकाही हसल्या. त्या रांगेत रोज तीच माणसं भेटायची आणि कुणी कुणाला आजार विचारायचं नाही. गाव विचारायचे, पाऊस विचारायचे.

शेक म्हणजे काय, तर काहीच नाही. दार बंद होतं, तुम्ही एकट्या, वर एक मोठं यंत्र फिरतं. दिसत काही नाही, लागत काही नाही. पहिले काही दिवस मला वाटलं, चालू करायला विसरले असतील. नंतर आतून असं भाजायला लागलं की शंकाच उरली नाही. स्वतःची लाळसुद्धा उतरेना. हातात कायम एक डबा, त्यात थुंकायचं. पोटाला डाव्या बाजूनं नळी बसवली होती, अन्न तिथून जायचं. उजवीकडं अक्काची किडनी, डावीकडं ही नळी. मधली मी फक्त पडून असायची.

नळीतून घालायला अक्का ज्वारीची आंबील करायची, डाळीचं पाणी करायची, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे वस्त्रगाळ करून. आणि प्रत्येक वेळी नळीत ओतण्याआधी हातावर थेंब घेऊन चव बघायची. मी खुणेनं विचारलं, नळीला काय चव कळते?

"तुला न्हाई कळत," ती म्हणाली. "मला कळती. अळणी कसं घालू?"

मी आयुष्यभर स्वयंपाक केला. जेवण म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

रक्ताचे रिपोर्ट यायचे. गोळ्या कमी केल्यावर किडनीचा आकडा, जो वाढणं वाईट, थोडा वर जायचा, पुन्हा जागेवर यायचा. दर वेळी डॉक्टर काही बोलण्याआधी मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघायची आणि अक्का माझ्या. तिनं एकदाही आकडा विचारला नाही.

उपचार संपून काही दिवस झाले होते. सकाळी उन्हात बसले होते आणि डबा हातात घ्यायचा राहिला. नंतर लक्षात आलं की थुंकायचं काही उरलेलंच नाही. लाळ आपण होऊन उतरली होती, मला न विचारता. मी अक्काला हाक मारली आणि पाणी मागितलं. तिनं चमच्यानं दिलं. ते खाली जाताना मला कळत होतं, छातीतून, पोटापर्यंत, थंडगार. एवढं मोठं काम शरीर दिवसातून किती वेळा करतं आणि आपल्याकडून साधी शाबासकीही मागत नाही. मी आणखी एक चमचा मागितला. मग आणखी एक. अक्का देत राहिली आणि डोळे पुसत राहिली.

*

पुढच्या तपासणीत ती वाट मोकळी दिसली. आजही दर काही महिन्यांनी दुर्बीण होते, दर वेळी जीव मुठीत धरून जाते. कायमचं काही कुणी लिहून देत नाही.

किडनी मात्र राहिली नाही. दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात आकडा वर गेला तो उतरलाच नाही. डॉक्टरांनी होतं ते सगळं करून पाहिलं. मग मी डायलिसिसला जायला लागले, लातुरातच.

तिथं मी एक पाहिलं. कपाटाएवढं यंत्र, त्याला सतत वीज, आणि पाणी किती, तर आमच्या घराला कितीतरी दिवस पुरलं असतं इतकं पाणी एका माणसाच्या एका वेळच्या डायलिसिसला. टँकरला उशीर झाला की आम्ही सगळे पेशंट खिडकीतून रस्त्याकडं बघत बसायचो. टँकर आला, पाणी चढलं, की मग यंत्रं सुरू. नर्सबाई म्हणाल्या, एवढं करूनही हे यंत्र किडनीचं सगळं काम करतच नाही, थोडंच करतं. मी नळ्यांमधून फिरणारं माझं रक्त बघत पडले होते. अक्कानं दिलेला तो मुठीएवढा गोळा. त्यानं हे सगळं केलं होतं, इतकी वर्षं, न थांबता, मी भाकऱ्या थापत असताना, झोपले असताना, भांडत असताना. मला कधी त्याचा आवाजसुद्धा आला नव्हता. मी हात जोडले. नर्सबाईंना वाटलं, मला काही दुखतंय.

अक्काला फोनवर सांगायचं धाडस झालं नाही. ह्यांनी तिला नुसतंच बोलावून घेतलं. ती आली, पाय धुतले, माझ्याजवळ पलंगावर बसली. मी म्हटलं, "अक्का, गेली गं."

तिनं विचारलं, "आता काढत्याल का तिला?"

मी सांगितलं की नाही, त्रास दिला नाही तर तशीच आत राहू द्यायची म्हणाले डॉक्टर. मग तिनं माझ्या पदराखालून हात घातला. जागा शोधावी लागली नाही तिला. तळहात तिथं ठेवून ती माझ्याशी नाही, तिच्याशीच बोलल्यासारखं हळू म्हणाली,

"लई राबलीस माय. बस आता निवांत."